तेराव्या पानाच्या पाठीवर

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात एल्बो लेक नावाचं लहानसं गाव आहे. तिथलं एक जुनं घर एका माणसानं दहा हजार डॉलरच्या आसपास विकत घेतलं आणि स्वतःच दुरुस्तीला लागला. भिंत फोडली तेव्हा आतून थंडी अडवण्यासाठी कोंबलेली जुनी वर्तमानपत्रं निघाली, आणि त्या रद्दीत चित्रकथांचं एक मासिक. ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, जून १९३८. सुपरमॅन ज्या अंकात पहिल्यांदा छापला गेला, तोच. घरात एकच धांदल उडाली, एका नातेवाईकानं तो हातातून ओढला आणि त्या ओढाताणीत मलपृष्ठ फाटलं. तपासणीत अंकाचा दर्जा दहापैकी तीनवरून दीडवर घसरला. २०१३ मध्ये लिलावात तरीही एक लाख पंच्याहत्तर हजार डॉलर मिळाले. ते मलपृष्ठ फाटल्यामुळे पाऊण लाख डॉलर बुडाले, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

ही हकीकत सांगताना सगळे किमतीपाशी थांबतात. मला मात्र आज बोलायचंय ते फाटलेल्या कागदाविषयी. जुन्या कॉमिक्सची सुटी पानं, मुखपृष्ठाचे तुकडे, अंक नाहीसा झाल्यावर मागे उरलेली मधली जोडपानं. ही पानं गोळा करणारे लोक जगभर आहेत, आणि त्यांच्याकडे ‘पुरा अंक परवडत नाही म्हणून तुकड्यावर समाधान मानणारे’ अशा नजरेनं पाहिलं जातं. मला हे मान्य नाही. सुटं पान हा एक पुरावा असतो. तो नीट वाचायला शिकलं, तर पुरा अंक जे सांगत नाही तेही त्यातून कळतं.

आधी हे तुकडे झाले कसे, ते पाहू. त्या पहिल्या अंकाची किंमत होती दहा सेंट. साधारण दोन लाख प्रती छापल्या होत्या. आज त्यातल्या शंभरेक उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या गेल्या कुठे? मुलांनी वाचल्या, दुमडून खिशात घातल्या, एकमेकांना दिल्या. मग दुसरं महायुद्ध आलं. युद्धासाठी रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या आणि शाळकरी पोरांनी गठ्ठेच्या गठ्ठे नेऊन दिले. युद्धानंतर १९४८ च्या सुमाराला काही गावांत कॉमिक्सच्या होळ्याही पेटल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनमध्ये अशी होळी झाली होती. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, असं तेव्हा अनेकांना मनापासून वाटत होतं.

पण या अंकातली पानं सुटण्याचं एक कारण खुद्द अंकातच छापलेलं होतं, आणि मला ते फार विलक्षण वाटतं. अंकाची पहिली तेरा पानं सुपरमॅनची. त्यानंतर चक डॉसन नावाच्या काउबॉयची गोष्ट सुरू होते. प्रकाशकांनी वाचकांसाठी स्पर्धा ठेवली होती: चक डॉसनचं पहिलं पान रंगवा, फाडा आणि आम्हाला पाठवा, बक्षीस मिळवा. आता अंकाची रचना डोळ्यांसमोर आणा. डॉसनचं पहिलं पान म्हणजे चौदावं. आणि चौदावं पान छापलंय तेराव्या पानाच्या पाठीवर. म्हणजे ज्या पोरानं हौसेनं स्पर्धेत भाग घेतला, त्यानं सुपरमॅनच्या पहिल्यावहिल्या गोष्टीचा शेवटही पाकिटात घालून पाठवून दिला! त्यामुळे नेमकं तेवढंच पान नसलेला अंक समोर आला, तर तो हेळसांडीनं फाटला असं लगेच धरून चालू नये. ते पान कदाचित प्रकाशकांच्याच सांगण्यावरून गेलेलं असतं.

जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी हा नायक घडवला आणि त्याचे हक्क एकशे तीस डॉलरला देऊन टाकले. त्याच अंकाची एक उत्तम प्रत २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला गेली. असे आकडे लागले की बनावट माल येणारच. पुऱ्या अंकाची नक्कल करणं अवघड असतं, एका पानाची त्या मानानं सोपी. म्हणून सुट्या पानाची पारख जास्त काटेकोर लागते.

पारख सुरू होते भिंगापासून. त्या काळी ही मासिकं स्वस्त वृत्तपत्री कागदावर लेटरप्रेसनं, म्हणजे उठावाच्या ठशांनी छापली जात. काळ्या रेषेचा ठसा वेगळा. पिवळा, तांबडा आणि निळा हे तीन रंग वेगळ्या ठशांनी, ठिपक्याठिपक्यांनी. मूळ पानावर दहापट भिंग धरलं तर काळी रेषा सलग, भरीव दिसते आणि तिच्या कडेला शाई किंचित दाबून बाहेर सरकलेली असते. नकलेत बहुधा छापील पानाचाच फोटो घेऊन पुन्हा छपाई केलेली असते. मग काळी रेषाही ठिपक्यांची होते, आणि रंगाच्या जुन्या ठिपक्यांवर नव्या ठिपक्यांचं जाळं पसरतं. आपल्याकडे ज्यांनी खिळ्यांची छपाई आणि नंतरची ऑफसेट दोन्ही पाहिली आहेत, त्यांना हा फरक क्षणात कळेल.

मग माप. सुपरमॅनच्या त्या पहिल्या अंकाची हुबेहूब प्रतिकृती १९७४ मध्ये त्याच प्रकाशकांनी काढली होती, पण मोठ्या आकारात. तिला बाहेरून जाड वेष्टन होतं आणि ही प्रतिकृती आहे असं त्यावर स्वच्छ छापलं होतं. ते वेष्टन काढून टाकलं की आत उरतो अगदी मूळ वाटणारा अंक. तेव्हापासून आजवर कितीतरी लोक त्याला फसले आहेत. मूळ अंक सुमारे पावणेआठ इंच रुंद आणि साडेदहा इंच उंच. प्रतिकृती त्याहून बरीच मोठी. पुरा अंक हातात असेल तर साधी पट्टी पुरते. पण कडा कातरलेलं एखादंच पान कुणी पुढे केलं, तर पानाच्या मापावर विसंबू नका. आतल्या चौकटींची रुंदी मोजा. कात्रीनं कडा कमी करता येते, चौकट लहान करता येत नाही.

अतिनील दिव्याविषयी थोडं सावधपणे सांगायला हवं, कारण त्याच्यावर लोकांचा गरजेपेक्षा जास्त विश्वास असतो. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात आणि त्या दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. १९३८ चं म्हणून दाखवलेलं पान असं चमकलं तर शंका घ्यायलाच हवी. पण चमकलं नाही, म्हणजे खरंच आहे, असं होत नाही. साधा वृत्तपत्री कागद नंतरही त्या रसायनांविना बनत राहिला. ही कसोटी पान नाकारायला उपयोगी पडते, स्वीकारायला नाही.

आता सर्वांत रसाळ भाग, तो म्हणजे कागदाचं वय. लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचं लाकडाचंच एक द्रव्य असतं, हवा आणि उजेड लागला की ते तपकिरी पडतं, आणि कागदातलं आम्ल त्याला ठिसूळ करतं. बंद अंकात हवा शिरते कडांनी, म्हणून पान कडेकडून आत पिकत जातं. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुनं’ केलेलं पान सगळीकडे सारखं रंगतं, नाहीतर त्यावर पाणी साचल्याचे डाग उमटतात. फाटलेली कड तर याहून बोलकी असते. पान ऐंशी वर्षांपूर्वी सुटलं असेल तर फाटलेल्या जागीही तंतू बाकीच्या कडांइतकेच तपकिरी असतात. परवा फाटलं असेल तर कड फिकी दिसते, आतला कागद उघडा पडलेला असतो. म्हणजे पान कधी छापलं एवढंच नाही, तर ते अंकापासून केव्हा तुटलं हेही कडेवरून बरंचसं सांगता येतं.

पिनांच्या भोकांकडेही बारकाईनं पाहावं. असा अंक म्हणजे चौसष्ट पानं. मोठे कागद दुमडून एकात एक घातलेले, मधोमध दोन पिना. प्रत्येक कागदावर चार पानं: पहिल्या-दुसऱ्याच्या जोडीला त्रेसष्टावं-चौसष्टावं. सगळे कागद एकदम कातरले जातात, त्यामुळे आतली पानं बाहेरच्यांपेक्षा केसभर अरुंद होतात. पिना प्रत्येक प्रतीत थोड्या इकडेतिकडे बसतात, गंजतात आणि भोकांभोवती लालसर वलय उमटवतात. पाण्याचा डाग असेल तर तो पानापानांतून थोडा थोडा कमी होत जातो. एखाद्या अंकात मधलंच जोडपान या क्रमात बसत नसेल, भोकं जुळत नसतील, डाग अचानक तुटून पुढच्या पानावर परत येत असेल, तर ते पान दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलंय.

असं पान बसवण्यात गैर काही नाही, जर ते सांगितलं तर. लपवलं तर ती सरळ फसवणूक, आणि माझ्या मते नुसत्या पैशांची नाही. दोन खऱ्या तुकड्यांचा एक खोटा अंक झाला की दोन्ही तुकड्यांची साक्ष बुडते. डाग कुठून आला, पान केव्हा सुटलं, कोणत्या हातांनी ते सांभाळलं, सगळं पुसलं जातं.

आज फ्लोरिडातल्या सॅरासोटा शहरात असलेली सीजीसी नावाची संस्था २००० सालापासून कॉमिक्स तपासून, दर्जा ठरवून, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत बंद करून देते. रंगकाम किंवा डागडुजी केलेल्या अंकाला जांभळं लेबल मिळतं. ती सुटी पानंही तपासते. त्यांना गुण देत नाही, कोणत्या अंकाचं कितवं पान आहे तेवढं लेबलवर लिहिते. ही पद्धत मला आवडते. पान आहे तेवढंच सांगायचं, त्याहून मोठं करायचं नाही. मात्र याच सोयीमुळे एक वाईट चालही वाढली. मुखपृष्ठ नसलेला, चार पानं कमी असलेला अंक मिळाला की काही विक्रेते तो पूर्ण मोडतात आणि पान पान विकतात, कारण ‘सुपरमॅनचं एक पान’ म्हणून प्रत्येकाला हजारो डॉलर मिळू शकतात. हे थांबायला हवं असं मला अगदी ठामपणे वाटतं. आधीच सुटलेलं पान जपणं एक, आणि साठ पानं एकत्र टिकलेली असताना ती वेगळी करणं दुसरं. शंभरेक प्रतींतली एक मोडली, तर ती पुन्हा बांधता येत नाही.

कधी कधी तुकडा हाच सर्वस्व असतो. १९३९ मध्ये ‘मोशन पिक्चर फनीज वीकली’ नावाचं एक कॉमिक चित्रपटगृहांत फुकट वाटण्यासाठी तयार झालं, पण बेत फसला. पहिल्या अंकाच्या मोजक्या प्रती १९७४ मध्ये दिवंगत प्रकाशकाच्या सामानात सापडल्या. त्यांच्याबरोबर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अंकांच्या मुखपृष्ठांची छापील मुद्रितंही निघाली. ते अंक कधी निघालेच नाहीत. त्यांची फक्त मुखपृष्ठं आहेत, आणि त्यांना कुणी ‘अपुरे अंक’ म्हणत नाही.

आपल्याकडच्या श्रोत्यांशी याचा संबंध काय, असं विचाराल तर आपलं इंद्रजाल कॉमिक्स आठवा. मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियानं मार्च १९६४ मध्ये ते सुरू केलं आणि १९९० पर्यंत चालवलं. वेताळ, मँड्रेक आणि नंतर आबिद सुरतींचा बहादूर मराठीतूनही घरोघरी पोचले. आपल्याकडे हे अंक टिकले ते बरेचदा बाइंडिंग करून. वाचनालयानं दहा-बारा अंक एकत्र शिवायचे, बाइंडरनं तिन्ही बाजू कातरायच्या, मुखपृष्ठं काढून टाकायची नाहीतर आत दडपायची. म्हणून आज रद्दीच्या दुकानात मराठी वेताळ भेटतो तो बहुधा असा, नाव नसलेला आणि क्रमांक नसलेला. त्याची ओळख पटवायची पद्धत हीच. गोष्टी इंग्रजी, हिंदी आणि मराठीत सारख्याच असत, त्यामुळे चित्रांची चौकट पूर्ण इंग्रजी अंकाशी जुळवून पाहता येते; मग मागच्या पानावरच्या जाहिराती आणि अक्षरांचं वळण यांवरून कोणत्या काळातला असेल ते शोधता येतं.

तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर कृपा करून बाइंडिंग उसवू नका. आत कोणती पानं आहेत आणि कोणती नाहीत, ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहून सोबत ठेवा. सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही. डागडुजी करायचीच असेल तर पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, तीही जाणकाराच्या हातून. साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांपेक्षा पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट घ्या, मागे आम्लविरहित पुठ्ठा ठेवा. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी पाकिटं उघडून कसर लागली आहे का ते पाहा. आणि एखादं सुटं पान कशातलं आहे हे कळत नसेल, तर ते टाकून देऊ नका. दोन्ही बाजूंचे फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा, आणि फाटलेली कड फोटोत नीट दिसेल असं पाहा. त्याचा उरलेला अंक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असू शकतो, आणि पान त्याच अंकाचं की नाही हे ठरेल त्या कडेवरूनच.

नमस्कार.