खटला लांबला, पण कोणामुळे?

[दृश्य : जिल्हा न्यायालयाचा व्हरांडा. भिंतीवर आजच्या खटल्यांची यादी.]

बिहारमधल्या एका अभियंत्यावर १९८१ मध्ये हजार रुपयांच्या लाचेचा गुन्हा नोंदला गेला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो खटला रद्द केला. रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्रा यांच्या १९७५ मधल्या हत्येचा खटला २०१२ मध्येही संपलेला नव्हता, तरी त्याच न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. रोज सुनावणी घ्या, एवढंच सांगितलं. डिसेंबर २०१४ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली.

अठ्ठावीस वर्षांचा खटला रद्द होतो आणि सदतीस वर्षांचा टिकतो, कारण न्यायालय नुसती वर्षं मोजत नाही. प्रत्येक तारीख कोणी वाया घालवली, हे पाहतं.

लाचेच्या खटल्यात ते उघड दिसत होतं. तपास ज्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायला हवा होता, त्यानं केलाच नव्हता. म्हणून १९९० मध्ये उच्च न्यायालयानं कारवाई रद्द करून तीन महिन्यांत नव्यानं तपास करायला सांगितलं. नवं दोषारोपपत्र आलं २००७ मध्ये. मधल्या काळाचा खुलासा सरकारी पक्षाला देता आला नाही. मिश्रा खटल्यात मात्र तारखा मागण्यात आरोपींचाही हात होता.

[दृश्य : सर्वोच्च न्यायालयाची इमारत.]

जलद सुनावणी हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, हे १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात स्पष्ट झालं. तेव्हा बिहारच्या तुरुंगांत असेही कच्चे कैदी होते, ज्यांनी गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहून जास्त काळ आत काढला होता. पण उशीर जोखायचा कसा, याची रीत ठरली महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या प्रकरणात. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा हा निकाल डिसेंबर १९९१ चा. निवाड्यांच्या १९९२ च्या खंडात छापला गेल्यामुळे वकील त्याला ‘१९९२ चा अंतुले’ म्हणतात.

त्या निकालानुसार हा हक्क तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर लागू आहे. कालमर्यादा मात्र आखलेली नाही. १९९६ आणि १९९८ मध्ये लहान पीठांनी अशा मर्यादा घालून पाहिल्या. २००२ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठानं त्या मोडीत काढल्या.

[दृश्य : जुनी फाइल. रोजनाम्याची पानं उलटली जातात.]

हा रोजनामा. प्रत्येक तारखेला न्यायालयात काय घडलं, याची नोंद. उशिराची तक्रार करायची तर आधी याच्या प्रमाणित नकला काढाव्या लागतात. मग तक्ता करायचा: तारीख, टप्पा, काम का झालं नाही, आणि कोणामुळे.

समन्स बजावलंच नाही, तपास अधिकारी बदलीवर गेला, मुद्देमाल आला नाही, कैद्याला आणायला पोलीस पथक मिळालं नाही: हे सगळं सरकारच्या खात्यावर. आरोपीचा वकील गैरहजर, आरोपी फरार म्हणून वॉरंट: हे आरोपीच्या खात्यावर. न्यायाधीशाचं पद रिकामं, बोर्डावर ढीगभर खटले: हा व्यवस्थेतला उशीर. न्यायसंस्था ही राज्याचाच भाग आहे हे अंतुले निकाल मान्य करतो, पण व्यवहार्य दृष्टीनं पाहा असंही म्हणतो. त्यामुळे अशा तारखा हलक्या भरतात. आमच्या मते ही सवलत जरा जास्तच सढळ आहे. आत बसलेल्याला कारण कुठलंही असलं तरी दिवस तेवढाच मोठा.

वरच्या न्यायालयाच्या स्थगितीत गेलेली वर्षं सगळ्यात वादाची. अर्ज प्रामाणिक असेल तर तो काळ आरोपीच्या माथी मारला जात नाही. पण स्थगिती मिळाली म्हणजे अर्जात दम होता, असंही धरत नाहीत. ती अनेकदा दुसरी बाजू ऐकण्याआधीच मिळते.

अनेक आरोपी असले की एक फरार होतो आणि बाकीचे अडकतात. अशा वेळी त्याचा खटला वेगळा काढण्याचा अर्ज लगेच द्यावा.

अमेरिकेत १९७२ मध्ये बार्कर खटल्यात चार कसोट्या ठरल्या: उशीर किती, कारण काय, आरोपीनं हक्क मागितला का, आणि नुकसान काय झालं. सरकारी पक्षानं सोळा वेळा तारीख पुढे ढकलून घेतली, खटला पाच वर्षं लांबला, तरी बार्कर हरला. कारण बराच काळ त्यानं हरकतच घेतली नव्हती. आपल्याकडे आरोपी गप्प राहिला म्हणून हक्क जात नाही. तरीही खटला लवकर चालवण्याचा लेखी अर्ज फाइलवर असला, तर तो त्याच्या बाजूनं मोजला जातो.

नुकसान सांगताना ‘मानसिक त्रास झाला’ एवढ्यावर भागत नाही. बचावाचा कुठला साक्षीदार वारला, त्याचा मृत्यूचा दाखला; कुठली कागदपत्रं नष्ट झाली, तसं कार्यालयाचं पत्र: हे जोडावं लागतं. उशीर फारच प्रदीर्घ असेल तर नुकसान गृहीतही धरलं जाऊ शकतं.

दाद सहसा उच्च न्यायालयात मागतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ५२८ खाली. तिथे खटल्याला स्थगिती शक्यतो मागू नये. उशिराची तक्रारच आणखी दोन वर्षं खाते, असं पुष्कळदा होतं.

खटला रद्द होणं विरळाच. बहुधा ठरावीक मुदतीत संपवण्याचा आदेश मिळतो, कधी शिक्षा कमी होते. कोठडीतल्या आरोपीला मात्र जामीन मिळू शकतो, अगदी यूएपीएसारख्या (बेकायदा कृत्यं रोखणारा कायदा) कडक कायद्याखालीही. मुंबईतल्या बनावट नोटांच्या खटल्यात चार वर्षांनंतरही आरोप निश्चित झाले नव्हते आणि किमान ऐंशी साक्षीदार तपासायचे होते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला.

[दृश्य : तुरुंगाचं फाटक, बाहेर थांबलेले नातेवाईक.]

साध्या गुन्ह्यांसाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आहे. कमाल शिक्षा तीन वर्षांची असेल, तर पूर्वी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेला कैदी एक वर्षानं सुटकेला पात्र ठरतो. बाकीचे दीड वर्षानं. आरोपीनं केलेला उशीर यातून वजा होतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. मुदत भरली की तुरुंग अधीक्षकानं स्वतःहून न्यायालयाला लेखी अर्ज करायचा असतो. आणि कैद्यावर दुसराही खटला प्रलंबित असला, तर या कलमाखाली त्याला सुटका मिळत नाही.