घोटा उघडा ठेवणारा बूट: कोबी ब्रायंटच्या स्नीकर्सची गोष्ट

बास्केटबॉलचा बूट म्हटला की डोळ्यासमोर काय येतं, तर घोटा पूर्ण झाकणारा, जाडजूड, वरपर्यंत लेस आवळलेला हाय टॉप. आणि ते काही उगाच नाही. हा खेळ म्हणजे उड्या मारणं, पळता पळता खाडकन थांबणं, खाली येताना दुसऱ्याच्याच पायावर पाय पडणं, त्यामुळे घोटा मुरगळणं हे इथलं रोजचंच दुखणं, मग घोट्याला आधार पाहिजे तर बूट उंच पाहिजे, इतकं सरळ गणित. सत्तरच्या दशकात वॉल्ट फ्रेझियर प्यूमाचा क्लाइड घालून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग खेळायचा, आणि तो बूट बुटकाच होता, पण ऐंशी आणि नव्वदच्या दशकात सगळा बाजार उंच बुटांकडेच गेला.

आणि मग २००८ च्या डिसेंबरमध्ये नाइकीने झूम कोबी ४ आणला. लीगमधल्या सगळ्यात मोठ्या स्टारचा, लॉस एंजेलिस लेकर्स संघाच्या कोबी ब्रायंटचा बूट, आणि तो घोट्याच्या खालीच संपत होता.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण ब्रायंटची बुटांची गोष्ट नाइकीपासून सुरू होतच नाही. १९९६ मध्ये शाळेतून थेट एनबीएत आलेला हा पोरगा आदिदासचा होता. नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात त्यात, १३ व्या नंबरवर त्याला शार्लट संघाने निवडलं, लगेच लेकर्सकडे पाठवलं, आणि आदिदासने त्याच्या नावाची लाईन काढली. त्यातला केबी ८ आजही देखणा वाटतो, बाजूने लाटा सोडल्यासारख्या रेषा, आणि तळ तळपायासारखाच गोलसर. नंतर ऑडी कंपनीच्या डिझायनर्सना सोबत घेऊन ऑडी टीटी गाडीवरून बेतलेला द कोबी आला, आणि त्याच्या पाठोपाठ २००१ मध्ये कोबी टू. आता हा कोबी टू एकदा बघाच. पायात बूट घातलाय की टोस्टर, कळत नाही. ब्रायंटलाही बहुतेक तेच वाटलं असणार, कारण त्याच सीझनमध्ये तो परत आधीचा बूट घालून खेळायला लागला. २००२ मध्ये तर पैसे मोजून तो करारातूनच बाहेर पडला.

पुढचा अख्खा सीझन त्याच्याकडे कंपनीच नव्हती. आज एअर जॉर्डन, उद्या लेकर्सच्या रंगातला रीबॉक क्वेश्चन, म्हणजे चक्क ॲलन आयव्हरसन या दुसऱ्याच खेळाडूच्या नावाचा बूट, परवा आणखी तिसराच. कलेक्टर लोकांसाठी तो सीझन म्हणजे खजिना आहे.

जून २००३ मध्ये नाइकीशी करार झाला, आणि थोड्याच दिवसांत कोलोरॅडोमध्ये त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला. फौजदारी खटला २००४ मध्ये मागे घेतला गेला, दिवाणी दावा कोर्टाबाहेर मिटला. ही गोष्ट सांगताना तेवढा भाग गाळून पुढे जाणारे बरेच आहेत, पण तो गाळला तर त्याच्या नावाचा नाइकी बूट यायला दोन वर्षांहून जास्त का लागली तेच समजत नाही. झूम कोबी १ आला, आणि २२ जानेवारी २००६ ला टोरोंटोविरुद्ध त्याने ८१ पॉइंट मारले तेव्हा पायात तोच होता. बूट चांगला होता, पण बाकीच्यांसारखाच, उंच आणि भक्कम.

खरी मजा सुरू होते एरिक ॲव्हारपासून. हा नाइकीचा डिझायनर, फोमपोझिट नावाचा गाजलेला बूट ज्याने केला तो. ब्रायंट त्याला म्हणाला, मला लो पाहिजे, म्हणजे घोट्याच्या खालचा, एकदम लो. त्याचं म्हणणं असं, की फुटबॉलवाले बघा, आमच्यापेक्षा जास्त पळतात, जास्त वळतात, घोट्यावर आमच्यापेक्षा जास्त ताण घेतात, आणि त्यांचे बूट कुठे उंच असतात? आता हे डोक्यात आलं कुठून, तर त्याचे वडील जो ब्रायंट इटलीत व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचे, म्हणून सहा ते तेरा वयाचा हा मुलगा तिथेच वाढला, फुटबॉल खेळत आणि एसी मिलानसाठी जीव टाकत.

कंपनीत धाकधूक होती. लो कट विकला जात नाही, हे तेव्हाचं पक्कं मत. पण शास्त्राच्या बाजूने बघितलं तर ब्रायंट अगदीच हवेत बोलत नव्हता, १९९३ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या सहाशेहून जास्त बास्केटबॉल खेळणाऱ्यांना उंच आणि बुटके असे वेगवेगळे बूट देऊन अभ्यास झाला होता, आणि घोटा मुरगळण्यात काही ठळक फरक दिसलाच नव्हता.

फक्त वरचा भाग कापून टाकला की काम होत नाही, बरं का. पाय मुरगळतो तो मुळात तळ कलंडतो म्हणून. मग ॲव्हारच्या टीमने काय केलं, तर पाय जमिनीच्या जवळ आणला, तळ बाहेरच्या बाजूला थोडा पसरवला, टाच कडक कपात घट्ट बसवली, आणि वरच्या कापडात फ्लायवायर घातली. फ्लायवायर म्हणजे झुलत्या पुलाच्या केबल असतात ना, त्याच कल्पनेवरचे बारीक मजबूत धागे, जिथे ताण येतो तिथेच टाकलेले, म्हणजे बाकी ठिकाणी कापड पातळ ठेवता येतं आणि वजन उतरतं. हे तंत्र त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकच्या वेळच्या नाइकीच्याच हायपरडंक बुटातून आलेलं. तोच हायपरडंक, ज्याच्या जाहिरातीत ब्रायंट धावत येणाऱ्या ॲस्टन मार्टिनवरून उडी मारतो. (नाही, खरंच मारली नव्हती. हो, आपल्यालाही तेव्हा खरीच वाटली होती.)

२००९ ची चॅम्पियनशिप ४ घालून, २०१० ची ५ घालून. आता कोण म्हणणार लो चालत नाही.

आणि मग ६. माझ्या मते अख्ख्या लाईनमधला सगळ्यात विचार करून केलेला बूट. ब्रायंट स्वतःला ब्लॅक मांबा म्हणवायचा, तर बुटाला सापाची कातडी द्यायची, ही आयडिया कुणालाही सुचली असती. पण कॅमेरा जरा जवळ नेऊन बघा. ते खवले छापलेले नाहीत, खाली जाळीचं कापड आहे आणि त्यावर पॉलियुरेथेनचे सुटे सुटे तुकडे चिकटवलेत. जिथे चवडा दुमडतो तिथे पातळ, जिथे घासतं, ताण येतो तिथे जाड. म्हणजे शोभा आणि काम एकाच गोष्टीत उरकलंय. २०१० च्या ख्रिसमसला मायामीविरुद्ध तो भडक हिरवा, लाल लेसवाला ६ घालून उतरला, लोकांनी लगेच नाव ठेवलं ग्रिंच, ख्रिसमसच्या गोष्टीतल्या त्या हिरव्या पात्रावरून. लेकर्स ती मॅच ९६-८० अशी हरले, पण बूट अजूनही लोक शोधत फिरतात.

८ तर आणखी हलका, साधारण २७० ग्रॅम. आणि नेमकं त्याच बुटात सगळं बिनसलं. मार्च २०१३ मध्ये अटलांटात घोटा जोरात मुरगळला, टीकाकारांना आयतंच कोलीत मिळालं. पुढच्याच महिन्यात, १२ एप्रिलला गोल्डन स्टेटविरुद्ध टाचेमागची शीर तुटली, अकिलीस. तरी तो फ्री थ्रोच्या लाईनवर गेला, फाउलमुळे मिळालेले दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि चालत बाहेर पडला. बूट बुटका होता म्हणून शीर तुटली असं म्हणणारे तेव्हाही होते, पण ३४ वर्षांचा माणूस रोज रात्री जवळजवळ पूर्ण ४८ मिनिटं खेळत होता त्याकडे कुणी बघायचं?

आणि मग ९ आला तो चक्क हाय! अगदी पोटरीकडे जाणारा. पण हा आधाराचा उंचपणा नव्हता, बॉक्सरच्या बुटांवरून, मॅनी पॅकियाओच्या बुटांवरून घेतलेली कल्पना, आणि कापड फ्लायनिटचं, म्हणजे मोज्यासारखं विणलेलं, पाय हवा तसा वळू देणारं. बास्केटबॉलमध्ये फ्लायनिट पहिल्यांदा इथेच आलं. टाचेमागे बघा, लाल दोऱ्याचे नऊ टाके. ऑपरेशनची आठवण. फेब्रुवारी २०१४ मध्ये हा दुकानात आला तेव्हा ब्रायंट गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला होता, त्या सीझनमध्ये तो जेमतेम सहाच मॅच खेळला.

१३ एप्रिल २०१६ ला ११ घालून शेवटची मॅच, ६० पॉइंट. २०१८ पासून जुने बूट प्रोट्रो नावाने परत यायला लागले, दिसायला तसेच, आत नवं कुशन. (आपल्याकडे सिमेंटच्या कोर्टवर खेळणार असाल तर जपून, हे रबर लाकडी कोर्टसाठी आहे, खरखरीत जमिनीवर पटकन झिजतं.) २६ जानेवारी २०२० ला हेलिकॉप्टर अपघातात तो आणि त्याची मुलगी जियाना गेले. २०२१ मध्ये नाइकीचा करार संपला, पत्नी व्हेनेसाने तो तेव्हा वाढवला नाही, आणि बुटांच्या किमती आभाळाला भिडल्या. मार्च २०२२ मध्ये नवा करार झाला.

या सगळ्या काळात एनबीएत कोबी घालणारे कमी झाले नाहीत. डीमार डीरोझन, पी. जे. टकर, आणि डेव्हिन बुकर. २०१६ मध्ये फिनिक्सला ब्रायंटने आपले बूट सही करून बुकरला दिले होते, त्यावर लिहिलं होतं, 'बी लेजंडरी'. पुढे बुकरने ते शब्द हातावर गोंदवून घेतले, वर्षानुवर्षं कोबी घालून खेळला, आणि २०२४ मध्ये त्याच्या स्वतःच्या नावाचा पहिला बूट आला, बुक १. तोही लो कटच.