अडीच किलोचे बाराशे

(दृश्य: बडोदा, दांडिया बाजार. स्वयंपाकघरात भाजीची पिशवी.)

खंडेराव मार्केटातून आणलेले बटाटे अडीच किलो, भाव ४८ रुपये. सातवीतली नात मोबाईलवर हिशेब करते. २.५ मधला टिंब द्यायचा राहतो आणि पडद्यावर येतं १२००. ती ते तसंच वाचून दाखवते.

"अगं, अडीच किलो बटाट्याचे बाराशे? सोन्याचे आहेत का?"

"पण आजी, मोबाईलमध्ये तेवढेच आलेत."

अठ्ठेचाळीस दुणे शहाण्णव, वर निम्मे चोवीस. एकशेवीस. एवढ्यासाठी आजींना हातातली मेथी खाली ठेवावी लागत नाही. अडीच दुणे पाच, अडीच त्रिक साडेसात हे त्यांनी लहानपणी घोकलंय. ती घोकंपट्टी परत आणा, असं आमचं म्हणणं नाही. पाऊणकीच्या, म्हणजे पाऊणच्या पाढ्याच्या, धसक्याने गणिताशी कायमचं वाकडं धरलेली माणसं घरोघरी सापडतील. पण उत्तर साधारण केवढं यायला हवं, हे त्यातून अंगात मुरायचं. कॅल्क्युलेटरला चुकीचा आकडा दिला, तरी तो तितक्याच ठामपणे उत्तर देतो.

(दृश्य: मोबाईलचा कीबोर्ड, मग वही.)

हीच मुलगी घरात मराठी बोलते, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. पुण्याच्या मावसबहिणीला मेसेज पाठवताना ती रोमन अक्षरं टाइप करते आणि वरच्या पट्टीतून देवनागरी शब्द उचलते. फोन नसता तर तिचं मराठी बोलण्यापुरतंच राहिलं असतं, हे मान्य करायलाच हवं. वहीत मात्र पेन्सिल वेलांटीपाशी अडते, पहिली की दुसरी? शिरोरेषा तर निम्म्या शब्दांवर नसतेच, गुजरातीची सवय! समोर दिसलेला शब्द ओळखता येतो, आठवून लिहिता येत नाही.

शाळकरी मुलांना काय येतं ते तपासणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून जास्त मुलांना जमलं नाही. सुमारे पाव मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही.

आधी शिकणं, मग साधन हातात, हा क्रम बडोद्यात एकदा नीट लागला होता. सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलं, १९०६ मध्ये संस्थानभर नेलं. ग्रंथालयांसाठी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन आले ते १९१० मध्ये. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या त्या त्यानंतर.

(दृश्य: रावपुऱ्यातली शिकवणी.)

इथल्या बाईंनी मोबाईल काढून घेतलेला नाही. वहीत फक्त एक रकाना वाढवलाय, 'अंदाजे'. तो आधी भरायचा, तोही पेनाने, म्हणजे मागाहून खोडायची सोय नाही. मुलं सुरुवातीला कुरकुरली. आता कोणाचा अंदाज जवळचा निघतो, यावर पेप्सीकोल्याच्या पैजा लागतात.