अणूला ब्रेक लावणारा लेझर

लेझर म्हटलं की कापणं, जाळणं, भोक पाडणं असलंच काहीतरी डोळ्यासमोर येतं, आणि इथे तर त्याच लेझरने अणू गार करायचेत.

व्हॅक्युम चेंबरच्या मधोमध जो पिवळा ठिपका दिसतो, तो सोडियमच्या अणूंचा ढग असतो. भट्टीतून निघताना हेच अणू सेकंदाला साधारण 1000 मीटरच्या स्पीडने सुटलेले असतात. समोरून लेझर मारला की अणू एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, गिळतो आणि त्याचा वेग कमी होतो किती, तर सेकंदाला फक्त 3 सेंटिमीटर! अगदीच किरकोळ, पण हे सेकंदाला लाखो वेळा चालतं, त्यामुळे तीसेक हजार फोटॉन गिळेपर्यंत गडी जवळपास थांबलेला असतो, आणि अणू हळू म्हणजेच गार.

मग दुसरा लेझर मागूनही लावला, तर तो त्याला पुढे ढकलत नाही का? नाही, कारण लेझरची फ्रिक्वेन्सी मुद्दाम जराशी कमी ठेवलेली असते. लेझरच्या दिशेने येणाऱ्या अणूला ती जरा वाढलेली भासते (हाच डॉपलर इफेक्ट), म्हणून ती जुळते फक्त समोरून येणाऱ्या अणूला. असे बीम सहा बाजूंनी लावले की अणू कुठेही पळो, मार समोरूनच बसणार.

1985 मध्ये बेल लॅब्समध्ये स्टीव्हन चू यांच्या टीमने असंच सोडियम 240 मायक्रोकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या 240 दशलक्षांश भागापर्यंत आणलं, आणि थिअरीही हेच म्हणत होती की बास, याच्या खाली जाता येणार नाही.

पण 1988 मध्ये विल्यम फिलिप्स यांच्या टीमने लेझर बंद करून अणू खाली पडू दिले, खालच्या बीमपर्यंत यायला त्यांना किती वेळ लागतो ते मोजलं, आणि तापमान निघालं 43 मायक्रोकेल्विन. प्रयोग थिअरीपेक्षा वाईट येणं नेहमीचंच, इतका चांगला आला तर आधी शंकाच येते, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या पद्धतींनी परत मोजलं, तरी तेच. याचं उत्तर क्लोद कोहेन-तानुजी आणि चू यांच्या गटांनी शोधलं: लेझरच्या प्रकाशात ऊर्जेचे चढ-उतार तयार होतात, अणू दमून चढावर पोचतो न पोचतो तोच प्रकाश त्याला परत पायथ्याच्या लेव्हलला टाकतो, की चढा पुन्हा. प्रत्येक चढणीत थोडी ऊर्जा जाते. 1997 चं फिजिक्सचं नोबेल या तिघांना मिळालं.

रेणूंचं मात्र दुखणं वेगळं. ते कंप पावतात, स्वतःभोवती फिरतात, त्यामुळे फोटॉन सोडल्यावर भलत्याच ऊर्जेच्या लेव्हलला जाऊन बसतात, जिथे आपला लेझर त्यांना दिसतच नाही, मग त्यांना परत आणायला एक्स्ट्रा लेझर लावा. 2010 मध्ये येल विद्यापीठात स्ट्रॉन्शियम फ्लोराइडवर हे जमलं, कारण हा रेणू त्यातल्या त्यात कमी भरकटतो. 2022 पर्यंत तर हार्वर्डमध्ये तीन अणूंचा कॅल्शियम मोनोहायड्रॉक्साइडही (CaOH) लेझर आणि मॅग्नेटच्या सापळ्यात अडकला होता.