ब्रूडरमध्ये गार कोपराही हवा

मंडळी, आजचा विषय ब्रूडरची, म्हणजे आईविना पिल्लं उबेत वाढवायच्या खोक्याची, मांडणी. तिकडे येतोच, पण आधी खुडूक कोंबडीबद्दल बोलू द्या. तिला नीट पाहिल्याशिवाय ब्रूडर कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पिल्लं बाहेर पडल्यावर ती त्यांना दिवसभर पोटाखाली दाबून धरत नाही. पिल्लू पिसांतून डोकं काढतं, बाहेर येतं, दोन दाणे टिपतं आणि गारठलं की चिवचिवत परत आत शिरतं. आत कधी जायचं, बाहेर कधी यायचं, हे पिल्लू ठरवतं. आपण मात्र खोक्याच्या मधोमध बल्ब टांगतो आणि सगळा खोका सारखाच तापवतो. जास्त झालं तर पिल्लानं पळायचं कुठे?

आणि मला प्रश्न येतो तो एकच: ‘किती वॅटचा बल्ब लावू?’ पहिल्या रांगेत हसू फुटलंय, म्हणजे तिथेही हा प्रश्न खिशात आहे! अहो, खोका केवढा, पिल्लं किती, खोली किती गार, हे कळल्याशिवाय वॅट कसे सांगू?

एका कुक्कुटपालकाकडे गेलो होतो. थर्मामीटर बरोबर ३५ अंश दाखवत होता, आणि पिल्लं कडेला चिकटून, चोची उघड्या, पंख लोंबते. थर्मामीटर टांगला होता कडेच्या भिंतीवर. दिव्याखाली, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर किती असेल, विचार करा. दिवा एका टोकाला नेला, जरा वर ओढला. थोड्या वेळानं पिल्लं पांगली. एक तर एक पाय मागे ताणून, पंख पसरून असं आडवं झालं की घरातली मुलगी घाबरली, मेलं म्हणून. मेलं नव्हतं, गाढ झोपलं होतं. असं झोपलेलं पिल्लू दिसलं की ब्रूडर जमला. दिव्याखाली एकमेकांवर चढून केविलवाणी ओरडत असतील तर थंडी वाजतेय, आणि खालची गुदमरून मरतात. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा लागतोय.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर मांडणी भराभर सांगतो.

पिल्लं येण्याआधी २४ तास दिवा लावा, म्हणजे खालची तुसाची गादीही तापते. चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं कुंपण, गोल ठेवा, कोपऱ्यात पिल्लांचा ढीग होतो. तूस ५ ते ७ सेंटिमीटर. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, तो नको. दिवा साखळीनं टांगा, वायरवर भरवसा नको, तूस पेटतो.

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. पाच-सहा आठवड्यांत पिसं भरतात, तेव्हा खोली फार गार नसेल तर दिवा काढा.

पाणी दिव्याखाली नको, पण उबेच्या जवळ हवं. भांडं उथळ, त्यात गोटे, आणि आल्याआल्या प्रत्येकाची चोच बुडवून दाखवा. ओला तूस रोज काढा, नाहीतर अमोनिया साठतो आणि कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाला आमंत्रण मिळतं. वारा थेट अंगावर नको, पण वरून हवा खेळती हवी. ऊब टिकवायची म्हणून वरचं तोंड पोत्यानं बंद करू नका.

अजून एक प्रश्न आलाय. ज्यांनी विचारलाय त्यांनी थांबा, बाहेर बोलू.