शहात्तर दिवसांची रिकामी टाकी

(दृश्य : कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका घराची बैठकीची खोली. भिंतीलगत चार फुटी काचेची टाकी. निळसर प्रकाशात प्रवाळ हलताना दिसतात. मासा एकही नाही.)

या टाकीत पाणी स्वच्छ आहे, प्रवाळ फुललेले आहेत, दगडांवर शंखाच्या गोगलगायी सावकाश फिरत आहेत; मासे मात्र नाहीत. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप हातात घेऊन पहिला प्रश्न हाच विचारतो, की एवढी मोठी टाकी आहे, मग मासे कुठे गेले? मासे आतल्या खोलीत आहेत आणि या टाकीत त्यांना आणखी काही आठवडे येता येणार नाही. ही टाकी मी जाणूनबुजून रिकामी ठेवली आहे, आणि ती किती दिवस रिकामी राहणार हे मी ठरवलेले नसून डोळ्यांना न दिसणाऱ्या एका परजीवीच्या आयुष्यक्रमाने ठरवलेले आहे.

कोल्हापूरपासून समुद्र घाट उतरून तीन-चार तासांच्या अंतरावर आहे. त्यामुळे येथे समुद्री मासे पाळणारा माणूस आधी समुद्र तयार करतो. आर.ओ.च्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम या प्रमाणात खास मीठ विरघळवायचे, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो. रात्रभर पंपाने ढवळत ठेवायचे, आणि सकाळी विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता, 1.025 भरले की पाणी वापरायचे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता, तेव्हापासून मिसळलेल्या पाण्याचा एक पिंप मी कायम भरून ठेवतो. इतकी काळजी पाण्याची घेणाऱ्या मी माशाच्या बाबतीत मात्र घाई केली.

(दृश्य : पहाटेचा कावळा नाका. ट्रॅव्हल्सच्या गाडीतून थर्माकोलची पेटी उतरवली जाते.)

मुंबईहून रात्रभराचा प्रवास करून आलेल्या अशाच एका पेटीत पावडर ब्लू टँग जातीचा मासा होता. हा हिंदी महासागराचा रहिवासी आहे : अंग आकाशी निळे, चेहरा काळा, पाठीवर पिवळ्या पराची पट्टी. तो तरतरीत होता आणि टाकीत सोडल्यावर तासाभरात शेवाळ खुडू लागला. तिसऱ्या दिवशी त्याच्या परांवर मिठाचे दाणे चिकटावेत तसे चार-पाच पांढरे ठिपके दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. पण पुढच्या दोन-तीन दिवसांत ठिपके नाहीसे झाले. मासा बरा झाला असे मी समजलो आणि निर्धास्त झालो. त्यानंतर साधारण आठवड्याने ठिपके परत आले, तेव्हा ते मोजता येण्यापलीकडे होते, आणि टँगच्या अंगावर होते तसेच टाकीतील प्रत्येक माशाच्या अंगावर होते. पाच माशांपैकी दोन वाचले.

ठिपके नाहीसे झाले तेव्हा नेमके काय घडले होते, हे समजले की विलगीकरणाचा सगळा हिशेब समजतो. या परजीवीचे शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, आणि हे नाव त्याला 1951 साली मिळाले. माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरून तो तीन ते सात दिवस पेशी खात वाढतो. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे हा वाढता परजीवी. पोट भरले की तो आपण होऊन, बहुधा अंधारात, माशाला सोडतो, तळाशी किंवा दगडावर चिकटतो आणि स्वतःभोवती कठीण कोश तयार करतो. म्हणजे ठिपका जातो त्या दिवशी माशाची सुटका झालेली नसते, परजीवीची पुढची पायरी सुरू झालेली असते. कोशाच्या आत तो पुन्हापुन्हा विभागतो आणि एका कोशातून शे-दोनशे पिल्ले बाहेर पडतात. ही पिल्ले पोहत मासा शोधतात आणि एक-दोन दिवसांत तो मिळाला नाही, तर मरतात. समुद्रात बहुतेकांच्या नशिबी हेच मरण येते, कारण पाणी अथांग असते आणि मासे पुढे निघून गेलेले असतात. चार फुटांच्या टाकीत मात्र मासा रात्री त्याच कपारीत झोपतो, जिच्या काठावर कोश फुटणार असतो.

बहुतेक कोश तीन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत फुटतात, परंतु काही कोश 72 दिवसांनी फुटल्याची नोंद आहे. त्यावर चार दिवस जास्तीचे धरून 76 दिवस टाकी माशांविना ठेवायची, अशी पद्धत समुद्री मासे पाळणाऱ्यांमध्ये रूढ झाली आहे. प्रवाळ, गोगलगाई आणि कोळंबी यांच्या अंगावर हा परजीवी जगत नाही, म्हणून ते टाकीतच राहू शकतात. दिवस मोजायचे ते शेवटचा मासा बाहेर काढल्यापासून. वाचलेले दोन मासे पकडण्यासाठी मला जवळजवळ सगळे दगड उपसावे लागले, आणि दोन वर्षांची मांडणी त्या एका संध्याकाळी मोडली.

माझे आजोळ पन्हाळा तालुक्यात आहे. ही हकिकत ऐकून मामा म्हणाले, "बाजारातनं आणल्याली म्हस आम्ही पंधरा दिवस परड्यात बांधतो, गोठ्यात न्हेत न्हाई. आणि तू मासा सरळ टाकीत सोडलास व्हय?" लाळ-खुरकताची धास्ती या जिल्ह्याला जुनी आहे; 2022 साली लम्पीची साथ आली, तेव्हा तर जनावरांचे बाजारच बंद ठेवावे लागले. दुधावर घर चालवणाऱ्या माणसाला जे सांगावे लागत नाही, ते मला तीन मासे गमावून शिकावे लागले.

(दृश्य : आतली खोली. स्टुलावर साठ लिटरची टाकी. तळ उघडा, आत पांढऱ्या पाइपचे तुकडे.)

ही विलगीकरणाची टाकी. दिसायला ती अगदीच ओकीबोकी आहे, आणि ती तशीच असावी लागते. तळाला वाळू नाही, दगड नाही. लपण्यासाठी नळकामाचे पीव्हीसी एल्बो, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, आणि पाणी 26 अंशांवर ठेवणारा हीटर, कारण थंडीच्या रात्री कोल्हापूरचे तापमान पंधरा अंशांच्या आसपास उतरते. स्पंज मात्र कोरा चालत नाही. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया पचवणारे जीवाणू त्यात आधी वस्तीला आलेले असावे लागतात, म्हणून तो निरोगी टाकीच्या फिल्टरमध्ये तीन-चार आठवडे मुरवून ठेवावा. माझ्या मते नवशिक्याच्या विलगीकरणात रोगापेक्षा अमोनियानेच जास्त मासे दगावतात. त्यामुळे अमोनियाची चाचणी पहिले दोन आठवडे रोज करावी.

मासा येतो तो क्षणही जपण्याचा असतो. बंद पिशवीत रात्रभर श्वास घेतल्याने पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकते. त्या उतरलेल्या पीएचमध्ये साठलेला अमोनिया फारसा अपाय करत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेल्या माशाची पिशवी उघडून त्यात तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसणे घातक ठरू शकते. त्याऐवजी पुरवठादाराला त्याच्या पाण्याची क्षारता, म्हणजे खारटपणा, आधीच विचारावी, विलगीकरणाच्या टाकीत तेवढीच ठेवावी, बंद पिशवी पंधरा मिनिटे तरंगवून तापमान जुळवावे, आणि उघडताच मासा टाकीत घ्यावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. क्षारता नंतर काही दिवसांत हळूहळू वाढवता येते.

आता औषधाविषयी. तांबे हे यातील जुने आणि खात्रीचे औषध आहे. आपल्याकडे बागायतदार द्राक्षावर फवारतात त्या मोरचुदाचेच हे मूलद्रव्य. परंतु शेतीचे मोरचूद टाकीत वापरू नये, कारण येथे मात्रेचा खेळ लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशांत चालतो. साध्या तांब्याची पातळी लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम राखतात, तर काही चिलेटेड, म्हणजे तांबे दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेल्या, औषधांची 2 ते 2.5 मिलिग्रॅम; कोणती पातळी कोणत्या औषधाची, हे बाटलीवर वाचल्याशिवाय एक थेंबही टाकू नये. ही पातळी तीन-चार दिवसांत सावकाश गाठावी, रोज मोजावी आणि 30 दिवस एकदाही खाली येऊ देऊ नये. तीस दिवसांचे कारण पुन्हा तोच आयुष्यक्रम : कातडीखालच्या परजीवीपर्यंत तांबे पोहोचत नाही, कोशाच्या आतही शिरत नाही, ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारते. म्हणजे बहुतेक कोश फुटेपर्यंत पहारा जागता ठेवावा लागतो. वाळू आणि दगड तांबे शोषून घेतात आणि मात्रा बिघडवतात, हे उघड्या तळाचे कारण. प्रवाळ आणि कोळंबी तर तांब्याने मरतातच, म्हणून मुख्य टाकीत हे औषध कधीही टाकू नये. तसेच अमोनिया निष्प्रभ करणारी द्रव्ये तांब्याबरोबर वापरू नयेत, त्यांच्या संयोगाने मासे दगावू शकतात.

तांबे न सोसणाऱ्या माशांसाठी दुसरी एक पद्धत आहे, आणि तिच्यातील युक्ती मला फार आवडते. मासा दर 72 तासांच्या आत एका टाकीतून दुसऱ्या कोरड्या, धुतलेल्या टाकीत, नव्या पाण्यात हलवायचा. परजीवी गळून तळाला कोश करतो, पण तो फुटण्याआधीच मासा तेथून निघून गेलेला असतो. अशी चार स्थलांतरे केली, की बाराव्या दिवसापर्यंत माशाच्या अंगावर काही उरत नाही. समुद्रात मासा पुढे निघून जातो, ते येथे आपण हाताने घडवतो.

ही युक्ती वेल्व्हेट या रोगावर मात्र पुरत नाही. ॲमायलूडिनियम नावाचा हा परजीवी अंगावर सोनेरी भुकटी भुरभुरावी तसा दिसतो, तेही प्रकाश तिरपा टाकला तर. बहुधा तो आधी कल्ल्यांत बसतो, त्यामुळे मासा धापा टाकतो, प्रवाहाच्या तोंडाशी जाऊन राहतो, आणि अंगावर काही दिसण्यापूर्वीच दोन-तीन दिवसांत मरतो. म्हणूनच दुकानात ठणठणीत दिसलेला मासाही विलगीकरणातून वगळता येत नाही. क्लाउनफिशला होणाऱ्या ब्रुकलिनेला रोगात अंगावरून बुळबुळीत थर सुटतो आणि त्यावर तांबे चालत नाही. कातडीवरच्या चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक देतात, पाच ते सात दिवसांच्या अंतराने दोनदा, कारण पहिल्या मात्रेने अंडी मरत नाहीत. या सगळ्या काळात जाळी, बादली आणि नळी या टाकीची वेगळी ठेवावी. ओला हातसुद्धा मुख्य टाकीत घालू नये.

औषधाचे तीस दिवस संपले की फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन (खास कोळसा) घालून तांबे काढून घ्यायचे आणि आणखी दोन आठवडे स्वच्छ पाण्यात मासा नुसता पाहत राहायचे. हा काळ वाया जातो असे मला वाटत नाही. दाटीवाटीच्या टाकीत हा मासा दबकून राहिला असता. येथे तो निवांतपणे कोळंबीचा कीस खायला शिकला, आणि आता माझी चाहूल लागताच काचेपाशी येतो.

(दृश्य : संध्याकाळ. बैठकीच्या खोलीतील दिवे मालवलेले.)

आज शहात्तरावा दिवस. वाचलेल्या दोघांपैकी एक क्लाउनफिशची मादी आहे. या जातीत सगळे मासे नर म्हणून जन्मतात आणि जोडीतील वरचढ मासा मादी होतो. तिचा जोडीदार त्या साथीत गेला. तिच्यासाठी आणलेल्या लहानग्या नराचेही विलगीकरण पूर्ण झाले आहे. जाळीत पर अडकू नयेत म्हणून तिला प्लास्टिकच्या डब्यात धरले आहे. डबा पाण्याखाली तिरका होतो. ती काठावर क्षणभर थांबते, मग दगडांच्या नव्या मांडणीला वळसा घालून डाव्या कोपऱ्यातील त्या प्रवाळाकडे जाते, जिथे ती पूर्वी झोपत असे.