मराठी क्रियापद एक, इंग्रजीत मात्र तीन

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजी शब्द अडला की आपण शब्दकोशात त्याचा मराठी अर्थ पाहतो. पण ‘से’ आणि ‘टेल’ या दोन्हींपुढे ‘सांगणे’च लिहिलेलं असतं. मग फरक कळणार कसा? म्हणून अर्थाबरोबर एक गोष्ट नक्की पाहा: क्रियापदाच्या पाठोपाठ काय येतं?

‘टेल’ला लगेच माणूस लागतो: ‘ही टोल्ड मी’. ‘से’ला आधी बोललेले शब्द लागतात आणि माणूस आणायचाच तर मध्ये ‘टू’ हवा. ‘ही सेड मी’ ही पेपरात सर्रास दिसणारी चूक. ‘टेल द ट्रुथ’, ‘टेल अ लाय’ हे मात्र माणसावाचूनही चालतात; ते पाठच करा.

‘स्टील’ आणि ‘रॉब’चंही तसंच. तासगावात व्यापाऱ्याचे बेदाणे चोरीला गेले, तर ‘स्टील’पुढे बेदाणे येतील आणि ‘रॉब’पुढे व्यापारी. ‘दे रॉब्ड द रेझिन्स’ म्हटलं, तर बेदाण्यांनाच लुबाडलं असं होतं.

सगळ्यात जास्त घोळ ‘बघणे’चा. कृष्णेला पूर आलाय आणि तुम्ही सांगलीत आयर्विन पुलाजवळ आहात असं समजा. समोर पाणी आहे, ते आपसूक नजरेला पडलं, हे ‘सी’. पातळी दाखवणाऱ्या फूटपट्टीकडे मुद्दाम नजर वळवली, हे ‘लुक ॲट’. इथला ‘ॲट’ गाळायचा नाही. आणि पाणी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून ४५ फुटांच्या धोका पातळीकडे चढतंय का, यावर तुम्ही नजर ठेवून उभे राहिलात, तर ते ‘वॉच’. बदलत्या, हलत्या गोष्टीला ‘वॉच’; म्हणूनच सामनाही ‘वॉच’ करतात. आपसूक दिसण्यात आपण काही करत नसतो, त्यामुळे त्या अर्थानं ‘आय ॲम सीइंग’ म्हणत नाहीत.

कानाचंही हेच. बाहेर ट्रॅक्टर गेला, आवाज कानावर पडला: ‘हिअर’. हे भाषण लक्ष देऊन ऐकताय: ‘लिसन टू’. ‘लिसन द रेडिओ’ चूक.

वहीत नुसता शब्द उतरवू नका, पुढच्या जोडीसकट उतरवा: ‘लेंड समथिंग टू समवन’, ‘बॉरो समथिंग फ्रॉम समवन’. देणं कुठलं, घेणं कुठलं, हे ‘टू’ आणि ‘फ्रॉम’ सांगतात.

आता वही-पेन घ्या आणि दोन वाक्यं इंग्रजीत लिहा: ‘मला औषध घ्यायची आठवण झाली’ आणि ‘आईनं मला औषध घ्यायची आठवण करून दिली’. एकात ‘रिमेंबर’ येईल, दुसऱ्यात ‘रिमाइंड’. लगेच माणूस कुणाला लागतो, ते तपासा.